तिसरी शिदो

वाचकाचं पत्र :

'ताई, नमस्कार. मी परंडा तालुक्यातला शेतकरी. जवानीत कुस्त्या केल्या, जत्रांच्या फडात इनामं मारली, पुढं गुडघा गेला अन् लंगोट खुंटीला लागला. माझी लेक नववीत आहे. तीन वर्षं झाली, शाळेत ज्युदो खेळायलीय. वजन 43 किलो. यंदा जिल्ह्याला पहिली आली. विभागाला लातूरला गेलो. समोरची पोरगी उंच होती, म्हणून मीच कडेवरून ओरडलो, खाली बस अन् पट काढ. तिनं काढला. पंचानं शिक्षा दिली. ती तिसरी होती म्हणं, अन् पोरीला हरलेली धरलं. मला वाटलं पंच फितूर आहे. परत येताना एसटीत रागाच्या भरात बोलून गेलो, "खरा पैलवान हरत नसतो." त्या रात्री ती जेवली नाही. आज बारा दिवस झाले, माझ्याशी बोलंना झालीय. काल एवढंच म्हणाली, "आप्पा, मग सांगा, ज्युदोत सगळ्यात मोठं कोण? अन् ते कधीच हरलं नाही का?" मला त्यातलं काही कळत नाही. लेकराला काय सांगू? अन् पुढच्या साली तिला 40 किलोत उतरवू का?'

उत्तर :

नमस्कार पैलवान,

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण त्यात उशीर नको. 40 किलोत उतरवू नका. वाढत्या वयातल्या मुलीला उपाशी ठेवून, पाणी तोडून तीन किलो कमी करायचे नसतात. 44 च्या गटात ती बरोबर आहे आणि वर्षभरात 48 मध्ये गेली तर आनंद माना. भाकरी, डाळ, दूध, शेंगदाणे, चालत असेल तर अंडं, सगळं पोटभर खाऊ द्या.

आता पट. पंच फितूर नव्हते. ज्युदोत उभ्यानं लढताना कमरेखाली हात घालून पाय धरायला मनाई आहे. एके काळी चालायचं, पण 2010 पासून आंतरराष्ट्रीय नियम आवळत गेले आणि 2013 पासून पाय धरणं बंदच झालं. चुकीला जी शिक्षा मिळते तिला शिदो म्हणतात. तीन शिदो झाल्या की लढत हातची जाते. तुमच्या लेकीच्या नावावर दोन आधीच होत्या, तिसरी तुमच्या पटाची.

आणि पैलवान, हा नियम तिला माहीत होता. तीन वर्षं गादीवर घाम गाळलेल्या मुलीला तो माहीत असतोच. तरी तिनं पट काढला, कारण कडेवरून बापाचा आवाज आला. तुमचं ऐकून ती हरली, आणि परतीच्या वाटेवर तुमच्याकडूनच बोलणं खाल्लं. बारा दिवसांच्या अबोल्याचं मूळ मला इथं दिसतं.

तेव्हा तिला पहिली गोष्ट राफाएला सिल्वाची सांगा. ब्राझीलमधल्या रिओ शहरातल्या 'सिदाद दि देउस' नावाच्या गरीब वस्तीतली ही मुलगी. 2012 च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये तिनं समोरच्या हंगेरीच्या मुलीचा पाय हातानं धरला, आणि तेव्हाच्या नियमानं तिला थेट बाद केलं गेलं. तुमच्या लेकीनं लातूरला जे केलं तेच, फरक एवढाच की तिथं सगळं जग बघत होतं. त्यानंतर लोकांनी तिच्या रंगावरून इतकी घाणेरडी शिवीगाळ केली की ती खेळ सोडायच्या बेतात होती. सोडला नाही. पुढच्याच वर्षी ती जगज्जेती झाली आणि 2016 ला, आपल्याच शहरात भरलेल्या ऑलिम्पिकमध्ये, 57 किलो गटाचं सुवर्ण तिनं घेतलं. त्या वर्षीच्या ऑलिम्पिकमधलं ब्राझीलचं ते पहिलं सुवर्ण होतं.

आता तुमचं ते वाक्य. खरा पैलवान हरत नसतो, हे तुम्ही कुठल्या वस्तादाकडून ऐकलंत मला ठाऊक नाही, पण तुमच्याच लाल मातीत त्याला आधार नाही. खाशाबा जाधव 1948 ला लंडनला गेले तेव्हा सहावे आले होते. तिथल्या मॅटची सवय नव्हती, नियमही वेगळे. चार वर्षांनी हेलसिंकीत त्यांनी कांस्य घेतलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. आपल्या पाटोद्याचे राहुल आवारे घ्या. लहान चणीचा गडी, 2018 ला राष्ट्रकुलचं सुवर्ण 57 किलोत घेतलं, 2019 ला जागतिक स्पर्धेचं कांस्य. तिथवर पोचायला किती वर्षं गेली आणि मध्ये किती कुस्त्या गेल्या, हे बीड-धाराशिवकडच्या तालमींत मी सांगायला नको.

लेकीच्या प्रश्नाकडे येते. ज्युदोत सगळ्यात मोठं कोण?

आकड्यांनी मोजायचं तर फ्रान्सचा टेडी रिनेर. कॅरिबियन समुद्रातल्या ग्वादलूप बेटावर जन्मलेला, सहा फूट आठ इंच उंच. अकरा जागतिक विजेतेपदं आणि लंडन, रिओ, पॅरिस अशी तीन वैयक्तिक ऑलिम्पिक सुवर्णं. वर दोन सांघिक. तुम्ही त्याला बघितलंत तर म्हणाल, हा कशाला हरतोय! तर ऐका. 2008 ला बीजिंगमध्ये तो हरला आणि कांस्यावर थांबला. 2010 ला जागतिक स्पर्धेच्या अंतिम लढतीत हरला. मग साडेनऊ वर्षं, 154 लढती, कुणी त्याला हरवू शकलं नाही. 2020 च्या फेब्रुवारीत पॅरिसला, स्वतःच्या माणसांसमोर, कागेउरा नावाच्या जपानी पोरानं त्याला फेकलं. पुढच्या वर्षी टोकियो ऑलिम्पिकमध्ये उपांत्यपूर्व फेरीतच पुन्हा हार, पुन्हा कांस्य. तिथं थांबला असता तरी त्याला कुणी नावं ठेवली नसती. पण 2024 ला, पस्तिशीत, पॅरिसच्या ऑलिम्पिकमध्ये तो सुवर्ण घेऊन गेला.

तुमच्या मनातला 'न हरणारा पैलवान' ज्युदोत एकच सापडतो, जपानचा यासुहिरो यामाशिता. 1977 ते 1985 सलग 203 लढती जिंकल्या. मधल्या सात बरोबरीत सुटल्या, हार एकही नाही. पण त्याचं दुःख वेगळंच होतं. 1980 च्या मॉस्को ऑलिम्पिकवर जपाननं बहिष्कार टाकला. ऐन उमेदीतला हा गडी सगळ्यांसमोर रडून, जाऊ द्या म्हणून विनवत राहिला, आणि न लढताच त्याचं ऑलिम्पिक गेलं. 1984 ला लॉस एंजेलिसला संधी मिळाली तर दुसऱ्याच लढतीत उजव्या पोटरीचा स्नायू फाटला. लंगडत लंगडत तो अंतिम लढतीला आला. समोर इजिप्तचा मोहम्मद रशवान, धिप्पाड आणि ताजातवाना. यामाशितानं त्याला खाली घेतलं, आडवं दाबून धरलं आणि सोडलं नाही. पुढचं दृश्य पोरीला नक्की सांगा: पदक घ्यायला चौथऱ्यावर चढताना यामाशिताचा पाय चालेना, तेव्हा हरलेल्या रशवाननं त्याला हाताला धरून वर चढवलं.

तसंच एक दृश्य 1964 चं आहे. ज्युदो पहिल्यांदाच ऑलिम्पिकमध्ये आला तो टोकियोत, त्याच्या माहेरी. वजनाची मर्यादा नसलेल्या गटाच्या अंतिम लढतीत हॉलंडच्या आंतोन गेसिंकनं जपानच्या अकिओ कामिनागाला दाबून धरलं आणि वेळ भरली. सभागृह सुन्न. तेवढ्यात गेसिंकचे देशबांधव आनंदानं गादीवर धावून येऊ लागले. तुम्हाला आपले फड माहीत आहेत, कुस्ती निकाली झाली की माणसं आत घुसतात, जिंकलेल्याला खांद्यावर घेतात, गुलाल उडतो. गेसिंकनं हात वर करून आपल्या लोकांना तिथंच थांबवलं. हरलेला प्रतिस्पर्धी अजून गादीवर होता. आधी वाकून नमस्कार झाला, मग बाकीचं. साठ वर्षं झाली तरी जपानी माणूस तो वर केलेला हात विसरलेला नाही.

ही सगळी थोर माणसं. पण पैलवान, तुमच्या घरात 43 किलोची मुलगी आहे, आणि माझ्या मते तिच्या प्रश्नाचं खरं उत्तर एक बाई आहे.

रयोको तानी. लग्नाआधीची तामुरा. जपानच्या फुकुओकाची. उंची 146 सेंटिमीटर, म्हणजे चार फूट साडेनऊ इंच. गट 48 किलोचा. तुमची लेक उद्या ज्या गटात जाईल तोच. 1992 ला बार्सिलोनात बायकांचा ज्युदो पदकांसाठी पहिल्यांदा खेळला गेला, तेव्हा ही सोळा वर्षांची. अंतिम लढतीत हरली. मग चार वर्षं तिला कुणी हात लावू शकलं नाही. 1996 ला अटलांटात ती पुन्हा अंतिम लढतीत आली, सुवर्ण तिचंच असं सगळे धरून चालले होते, आणि समोर आली उत्तर कोरियाची क्ये सुन-हुई. ती पोरगीही सोळाच वर्षांची, खास प्रवेशानं आलेली, नाव फारसं कुणाला माहीत नसलेली. तानी हरली. चार वर्षं, दोन ऑलिम्पिक, दोन्ही वेळा शेवटच्या पायरीवर.

सिडनीला, 2000 मध्ये, तिनं अंतिम लढत एका मिनिटाच्या आत संपवली. 2004 ला अथेन्समध्ये पुन्हा सुवर्ण. मग बाळंतपण. 2007 ला, लहान मूल असताना, रिओच्या जागतिक स्पर्धेत ती सातव्यांदा जगज्जेती झाली. त्याच रिओत, त्याच स्पर्धेत, अठरा वर्षांच्या रिनेरनं पहिलं जागतिक विजेतेपद घेतलं. एकाच गादीवर सहा फूट आठ इंचांचा पोरगा आणि चार फूट साडेनऊ इंचांची आई. तुमच्या लेकीला जर कुणी 'तुझ्या अंगात काय आहे' असं म्हणत असेल, तर हे चित्र तिला द्या.

आणि 2008 ला बीजिंगमध्ये काय झालं, तेही सांगा. उपांत्य लढत, रुमानियाची दुमित्रू समोर, घड्याळात अर्ध्या मिनिटाच्या आसपास वेळ उरलेला. पंचांनी तानीला शिक्षा दिली. आक्रमण करत नाही म्हणून. शिदो. त्या एका शिदोवर तिचं तिसरं सुवर्ण गेलं. गादीवरून उतरून ती कांस्याच्या लढतीला परत आली आणि ती जिंकली. पाच ऑलिम्पिक, पाच पदकं.

कुणी म्हणेल, तदाहिरो नोमुराची सलग तीन सुवर्णं (अटलांटा, सिडनी, अथेन्स, तीही 60 किलोत) तानीपेक्षा वरची. त्यावर मी भांडणार नाही. पण ज्या खेळात बायकांना उभंच करत नव्हते, त्या खेळात सोळाव्या वर्षी उतरून बत्तिसाव्या वर्षापर्यंत, आई झाल्यावरही, जगाच्या टोकावर राहणं मला जास्त मोठं वाटतं. बायकांना उभं करत नव्हते, हे मी उगाच म्हणत नाही. 1959 ला अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यात रस्टी कानोकोगी नावाची मुलगी छाती बांधून, केस कापून, मुलगा म्हणून स्पर्धेत उतरली. जिंकली. मुलगी आहेस का, असं विचारल्यावर खरं बोलली आणि पदक परत घेतलं गेलं. त्याच बाईनं 1980 ला न्यूयॉर्कला बायकांची पहिली जागतिक स्पर्धा भरवली, त्यासाठी राहतं घर गहाण टाकलं. खाशाबांना हेलसिंकीला पाठवायला कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकलं होतं, तसंच. तुमची लेक आज शाळेच्या गादीवर ज्युदो खेळते, त्यात या बाईचा वाटा आहे. आणि आपल्याकडच्या मुलीही आता मागं नाहीत. मणिपूरची लिंथोई चनंबम 2022 ला सारायेवोत 57 किलोत कॅडेट, म्हणजे अठरा वर्षांखालच्या, गटाची जगज्जेती झाली, तुमच्या लेकीहून जेमतेम वर्षा-दोन वर्षांनी मोठी असताना.

ती जेवली नाही, रडली, याचीही काळजी करू नका. पॅरिसला 2024 मध्ये जपानची उता आबे, आदल्या ऑलिम्पिकची सुवर्णविजेती, दुसऱ्याच फेरीत हरली आणि गादीच्या कडेला बसून अशी हंबरडा फोडून रडली की सगळ्या सभागृहाला ऐकू गेलं. प्रेक्षक उभे राहून तिचं नाव घेत राहिले. तिला हरवणाऱ्या उझबेकिस्तानच्या केल्दियोरोवानं पुढं सुवर्ण घेतलं. त्याच दिवशी उताच्या सख्ख्या भावानं, हिफुमीनं, आपलं दुसरं ऑलिम्पिक सुवर्ण जिंकलं. बहीण रडत असताना त्याला लढायचं होतं. घर म्हणजे काय असतं, ते मला त्या दिवशी टीव्हीसमोर फार जाणवलं.

हे सगळं मी एवढ्या पोटतिडकीनं का लिहिते, तेही सांगते. मी सव्वीस वर्षं शाळेत खेळाची बाई होते. माझी एक विद्यार्थिनी जिल्हा स्पर्धेत पहिल्याच फेरीत हरली आणि मी मांडवात, बाकी मुलींसमोर, तिला म्हणाले, 'तुझ्यावर वर्ष घालवलं मी.' ती काही बोलली नाही. सोमवारी सकाळी शिक्षकांच्या खोलीत, माझ्या टेबलावर, हजेरीपटाशेजारी तिचा पट्टा ठेवलेला होता. धुतलेला, घट्ट गुंडाळी केलेला, टोक आत खोचलेलं. ती परत आली नाही. तिला शोधून माफी मागायला मला चार वर्षं लागली, आणि तोवर तिचं लग्न झालं होतं. तुमचे अजून बाराच दिवस झालेत.

म्हणून आज रात्री जेवताना, घरातल्या सगळ्यांसमोर, तिला सांगा: 'पट मी काढायला लावला, चूक माझी.' समजावू नका, 'पण' लावू नका. मग तानीची गोष्ट सांगा. ती विचारेल, आप्पा, हे तुम्हाला कुणी सांगितलं? तर हे पत्र दाखवा.

पुढच्या स्पर्धेत कडेवरून ओरडायचं काम तिच्या सरांवर सोडा. तुम्हाला मात्र एक काम आहे, आणि ते दुसऱ्या कुणाला तुमच्याइतकं जमणार नाही. पट बंद असला तरी तुमचा धोबीपछाड ज्युदोत पूर्ण चालतो. तिकडं त्याला सेओई-नागे म्हणतात. नोमुराचं हेच हत्यार होतं. तोशिहिको कोगाचंही. हा कोगा 1992 ला बार्सिलोनाला गेला तेव्हा स्पर्धेच्या तोंडावर सरावात त्याचा गुडघा दुखावला होता, तरी सुवर्ण घेऊन आला. गुडघ्याचं दुखणं काय असतं, ते तुम्हाला सांगायला नको. फरक एकच: तुम्ही उघड्या अंगाचा दंड धरायचात, इथं जाड सुती अंगरखा असतो. एका हातात बाही, दुसऱ्यात कॉलरची कड. बाही ओढून समोरच्याचा तोल पुढं काढायचा, गर्रकन पाठ त्याच्या पोटाला लावायची, गुडघे वाकवून त्याच्या कमरेखाली शिरायचं आणि खांद्यावरून टाकायचं. ज्याचं अंग लहान, त्याला खाली शिरणं सोपं. उंच पोरीला पाडायचा रस्ता तिच्या पायांतून नव्हे, तिच्या बाहीतून जातो. समोरचा जोरात आणि सरळ पाठीवर पडला की लढत तिथंच संपते. त्याला इप्पोन म्हणतात. तुमच्या भाषेत चितपट.

रविवारी सोयाबीनच्या पोत्यांपलीकडं, पडवीत दोन जाड गाद्या टाका आणि तिला म्हणा, मला फेकून दाखव. पण एक आधी. जिगोरो कानोंनी 1882 ला टोकियोतल्या एका मंदिरात, बारा चटयांच्या जागेत, ही विद्या सुरू केली. तेही लहान चणीचे, पोरपणी दांडग्या पोरांचा मार खाल्लेले, आणि पेशानं शिक्षक. त्यांच्या विद्येत फेकायच्या आधी पडायला शिकवतात. त्याला उकेमी म्हणतात: हनुवटी छातीला, पाठ गोल, आणि अंग टेकता टेकता हाताचा सपाट फटका गादीवर. तुमच्या लेकीनं तीन वर्षांत हा फटका हजारदा मारला असेल. आधी तिच्याकडून पडायला शिका, बसल्या जागेवरून, गुडघा सांभाळून. हात कुठं आपटायचा, मान कशी राखायची, ते ती सांगेल तसंच करा. मग उभे राहा आणि तिच्या हातात तुमची बाही द्या.

तुमची,
ताई